सही केली म्हणजे मान्य केलं का?

पीएचडीला येण्याआधी मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. सत्राच्या मध्यावर ऑफिसमध्ये नवा करार हातात ठेवला. मानधन तेवढंच, पण पेपर तपासणी आणि परीक्षेचं सुपरव्हिजनही त्यातच घातलेलं. "सगळ्यांनी केलीय मॅडम, तुम्ही पण सही करून टाका." मी केली. घरी येऊन धुसफुसले आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर गेले.

आता सांगा, तुम्ही संशोधक असाल तर मला कुठल्या रकान्यात टाकाल?

या विषयावर वाचायला लागलात की एक साचा हमखास भेटतो. त्याचं मूळ अल्बर्ट हर्शमन यांच्या १९७० च्या 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' या पुस्तकात आहे. संस्थेचं बिघडायला लागलं की माणूस एकतर सोडून जातो, नाहीतर बोलतो, असं हर्शमन म्हणतात. निष्ठा ही त्यांच्याकडे तिसरी कृती नाही. ती माणसाचा पाय लगेच बाहेर पडू देत नाही, आणि म्हणून त्याला बोलायला लावते.

पुढे १९८० च्या दशकात फॅरेल, रझबल्ट वगैरे अभ्यासकांनी हा साचा नोकरीतल्या नाराजीला लावला. 'कामातून अंग काढून घेणं' हा चौथा रकाना आला. आणि निष्ठेचा अर्थ फिरला: सुधारेल या आशेने शांतपणे वाट बघणं. हा प्रतिसाद 'निष्क्रिय पण विधायक' ठरला.

माझा आक्षेप इथे आहे. विधायक कुणासाठी? संस्थेशी असलेलं नातं टिकलं म्हणजे विधायक, असं धरलं की मोजपट्टी आधीच मालकाच्या हातात जाते. शिवाय व्याख्येत 'आशा' आहे, पण आपण प्रश्नावली करताना बरेचदा एवढंच विचारतो: बदलानंतर तुम्ही काम सुरू ठेवलंत का? मग घराचा हप्ता आहे म्हणून गप्प बसलेला माणूसही निष्ठावान ठरतो.

कायद्याने हा फरक ओळखलेला आहे. ब्रिटनमध्ये फेरोडो कंपनीने एकतर्फी पगार कापला. कामगार काम करत राहिले, पण कपात त्यांनी मान्य केली नव्हती. १९८७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने एका कामगाराच्या बाजूने निकाल दिला: नुसतं काम चालू ठेवलं म्हणजे संमती नव्हे, कापलेली रक्कम द्या. 'हरकत नोंदवून काम करत राहणं' याला आपल्या चार रकान्यांत नीट जागा कुठे आहे?

आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ ने पगार, कामाचे तास, रजा अशा बाबतींत कामगाराला बाधक बदल करण्याआधी २१ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ती अट ठेवली. नोटीस म्हणजे संमती मागणं नव्हे, पण हरकत घ्यायला वेळ तरी मिळतो. मात्र हे 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी. शिक्षक त्यात बसत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात म्हटलं. म्हणजे कुणी बोललं नाही, याचं कारण स्वभावात शोधण्याआधी त्याला बोलायची जागा होती का, हे बघा.

म्हणून प्रश्नावली करताना तीन गोष्टी वेगळ्या विचारा. बदल लेखी कळवला होता का? हरकत नोंदवायची सोय होती का? नोकरी सोडणं परवडणारं होतं का? त्यानंतरच 'निष्ठा' हा शब्द वापरा.

आणि असा कागद उद्या तुमच्याच हातात आला तर? सही करण्याआधी प्रत मागा, जुना करार जपून ठेवा. सही करावीच लागली तर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाका, की हा बदल मला मान्य नाही, काम हरकत राखून करते आहे. मी तो टाकला नाही. टाकला असता तर पैसे मिळाले असते का, माहीत नाही. पण माझ्या गप्प बसण्याला कुणी निष्ठा म्हटलं नसतं.