पुरुषत्व, धातू आणि टेस्टोस्टेरॉन : एका शब्दव्यवहाराची चिकित्सा

दीर्घकालीन आजाराने ग्रासलेल्या पुरुषाच्या शरीरातील संप्रेरके हा वैद्यकाचा विषय. भाषेच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. परंतु मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा एचआयव्ही यांसह जगणारा पुरुष आपली तक्रार शब्दांतच मांडतो, आणि ते शब्द सदोष असतील तर निदानाची वाट तेथेच अडते. मराठीतील हा शब्दव्यवहार तपासणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन मुख्यतः वृषणांत तयार होते आणि ते तयार करण्याचा आदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. टाइप २ मधुमेह व स्थूलता यांत पुष्कळदा हा आदेशच क्षीण होतो. वृषणे निकामी झालेली नसतात. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांनीही असेच घडते. कामेच्छा मंदावते, थकवा येतो, रक्तक्षय होतो, स्नायू व हाडे दुर्बल होतात. यातील बहुतेक लक्षणे मूळ आजाराच्या खात्यावर मांडता येतात; म्हणूनच ती सहज निसटतात.

ही अवस्था सांगण्यासाठी मराठी पुरुषाजवळ शब्दांचे दोन गट आहेत. 'अशक्तपणा', 'कमजोरी' हा पहिला गट इतका व्यापक आहे की त्यातून वैद्याला काहीच हाती लागत नाही. 'नामर्दपणा', 'नपुंसकत्व' हा दुसरा गट इतका अपमानकारक आहे की तो शब्द स्वतःविषयी कोणी उच्चारणार नाही. या दोहोंच्या मध्ये 'धातू जाणे' हा प्रयोग उभा आहे. आयुर्वेदातील सप्तधातूंत शुक्र हा शेवटचा धातू. त्यामुळे शक्तिपाताची प्रत्येक जाणीव वीर्यनाशाच्या भीतीशी जोडली गेली. या भीतीतून उद्भवणाऱ्या मनोविकाराला 'धात सिंड्रोम' हे नाव मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली दिले, ही गोष्ट शब्दाच्या सामर्थ्याची साक्षच होय.

'नपुंसक' हा शब्द व्याकरणात निरुपद्रवी आहे. तेथे तो नामांच्या एका वर्गाचे नाव आहे. एवढेच नव्हे, तर '-त्व' प्रत्ययान्त भाववाचक नामांच्या नियमाने 'पुरुषत्व' हे नाम स्वतःच नपुंसकलिंगी आहे! व्याकरणाने केवळ वर्ग पाडले. त्यांस मानापमान चिकटविला तो समाजाने.

तथापि खरा दोष याहून खोल आहे. 'पुरुषत्व' या एका शब्दात कामेच्छा, संभोगक्षमता, प्रजननक्षमता, शारीरिक बळ आणि धैर्य अशा पाच गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. शरीरशास्त्र त्यांस निराळ्या मानते. मधुमेहात संभोगक्षमता ढळते ती अनेकदा रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांच्या हानीमुळे. टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण तेव्हा यथास्थित असू शकते. उलट बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले असता पीयूषिकेचा आदेश थांबतो आणि शुक्रजंतूंची निर्मिती घटते. म्हणजे 'पुरुषत्व वाढविणारे' म्हणून घेतलेले औषध अपत्याची इच्छा असलेल्या पुरुषास तात्पुरते वंध्यत्व आणू शकते. बळाची कथाही तशीच. हृदयविकार असलेल्या वा त्याचा धोका असलेल्या आणि टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या ५,००० हून अधिक पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. औषधाने हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांत वाढ झाली नाही. परंतु हृदयाची अनियमित लय अधिक आढळली, आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील विश्लेषणात अस्थिभंगही अधिक दिसले. 'शक्ती' या शब्दाने दिलेले आश्वासन औषध सर्वत्र पाळीत नाही.

अशा स्थितीत आरोग्यविषयक मराठी लेखनाने 'पुरुषी संप्रेरक' हा शब्दप्रयोग बिनदिक्कत चालवावा, हे आक्षेपार्ह आहे. टेस्टोस्टेरॉन स्त्रियांच्या शरीरातही असते. १९३५ साली सिद्ध झालेल्या या नावात वृषण, स्टेरॉल आणि कीटोन यांच्या संज्ञांचे अंश आहेत; पुरुष त्यात कोठेच नाही. 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ साली ग्रीक धातूवरून योजला; त्याचा अर्थ चालना देणे. 'संप्रेरक' हा त्याचा प्रतिशब्द अर्थास धरूनच आहे. दोष परिभाषेचा नाही. तिच्यामागे जोडलेल्या 'पुरुषी' या विशेषणाचा आहे.

यावर असा आक्षेप येईल की रुग्ण परिभाषा बोलत नाही. त्याच्याशी त्याच्याच शब्दांत बोलले पाहिजे. आक्षेप रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर बोलीतच आहे. 'साखर वाढली', 'थायरॉइड निघाला' असे मराठी माणूस चारचौघांत बोलतो, कारण तेथे शब्द मोजता येणाऱ्या वस्तूकडे निर्देश करतो, माणसाच्या लायकीकडे नव्हे. 'टेस्टोस्टेरॉन कमी आहे' हे वाक्य तसेच रुळू शकते. मात्र आकड्यालाही शब्दाइतकेच जपून वाचावे लागते. लक्षणे असताना, सकाळी उपाशीपोटी, दोन निरनिराळ्या दिवशी केलेल्या तपासणीत प्रमाण कमी आढळले, तरच निदान ग्राह्य धरतात. यकृताच्या जुनाट विकारात तर एकूण प्रमाण ठीक दिसूनही शरीरास उपयोगी पडणारा मुक्त अंश कमी असू शकतो.

तात्पर्य, वैद्यकीय मराठीचा विचार करणाऱ्यांनी नवे शब्द घडविण्याइतकेच जुन्या शब्दांची गाठोडी सोडण्याकडेही लक्ष द्यावे. दवाखान्यात 'कमजोरी आहे' एवढेच सांगून गप्प बसणाऱ्या मधुमेही पुरुषास पुढचा प्रश्न विचारावयाचा असेल, तर तो कामेच्छेविषयी, थकव्याविषयी आणि अपत्याच्या इच्छेविषयी वेगवेगळा विचारला पाहिजे. 'पुरुषत्व' हा शब्द त्या संभाषणात न आला तरी काही अडणार नाही.