नमुना कशाचा, दावा कशाचा?

अ‍ॅड्रिनॅलिन हे संप्रेरक ओळखणारे नवे कार्बन विद्युतअग्र तयार केल्याचे शोधनिबंध गेली कित्येक वर्षे सतत येत आहेत. ग्रॅफाइटची पूड खनिज तेलात मळायची, त्या लगद्यात एखादे रंगद्रव्य, नॅनोकण किंवा बहुवारिक मिसळायचे आणि विद्युतधारा वाढली की 'सुधारित अग्र' तयार! आम्हीही असे काम केले आहे. तेव्हा ही टीका घरातलीच समजावी.

मूळ कल्पना उत्तम आहे. कॅन्सस विद्यापीठातील राल्फ अ‍ॅडम्स यांनी १९५८ मध्ये कार्बन लगद्याचे अग्र मांडले आणि १९७३ मध्ये त्यांच्या गटाने ते थेट उंदराच्या मेंदूत बसवले. अ‍ॅड्रिनॅलिनचा रेणू अग्रावर दोन इलेक्ट्रॉन देतो व त्याचे क्विनोन बनते. ती धारा मोजायची. अडचण अशी, की क जीवनसत्त्वही जवळपास त्याच विभवाला इलेक्ट्रॉन देते, आणि रक्तात ते अ‍ॅड्रिनॅलिनच्या लाखपट असते. नाफिऑनचा ऋणभारित पापुद्रा या ऋणभारित पाहुण्याला दाराशीच अडवतो आणि धनभारित अ‍ॅड्रिनॅलिनला आत घेतो. इथे 'सुधारणा' या शब्दाला अर्थ आहे, कारण ती का होते हे सांगता येते.

सगळीकडे तसे नसते. २०२० मध्ये मार्टिन पुमेरा व सहकाऱ्यांनी ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळून उत्प्रेरण सुधारल्याचे दाखवले. त्यांच्या अभिक्रिया वेगळ्या होत्या, पण चिमटा आम्हा सगळ्यांनाच होता.

आमचा खरा आक्षेप शेवटच्या तक्त्याला आहे. 'प्रत्यक्ष नमुना' म्हणून तिथे बहुधा इंजेक्शनची कुपी असते. तिच्यात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनॅलिन. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाच्या रक्तद्रवात मिलिलिटरला साधारण ०.१ नॅनोग्रॅमहून कमी. म्हणजे कोटीपटीचा फरक! तरी प्रस्तावनेत 'रोगनिदानास उपयुक्त' हे शब्द असतातच. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मिश्रण आधी स्तंभातून वेगळे करतात. त्यापुढे काहीही न मिसळलेल्या काचसदृश कार्बन अग्राने वर्षानुवर्षे चोख काम केले आहे.

एम.एस्सी.चा प्रकल्प तपासताना शिक्षकांनी दोन आलेख जरूर मागावेत: कोऱ्या लगद्याचा आणि क जीवनसत्त्व घातलेल्या द्रावणाचा. तिसरा, रक्तद्रवातला, मिळाला तर फारच उत्तम. आमच्या एका विद्यार्थ्याने तो काढला होता. प्रथिने अग्राला चिकटली आणि दुसऱ्याच फेरीत शिखर खचले. तो आलेख आम्ही निबंधात घातला नाही.