चाळिशीनंतरचा कान

भारतीय नभोवाणीवर जाहिरातींना रीतसर प्रवेश मिळाला तो १ नोव्हेंबर १९६७ रोजी, आणि तो मिळाला महाराष्ट्रातच. मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून विविध भारतीची व्यापारी सेवा त्या दिवशी सुरू झाली. संगीताच्या नभोवाणीला मधल्या वयाचा श्रोता का दिसेनासा झाला, हा प्रश्न घेऊन मी गेली काही वर्षे हाती लागेल ते वाचतो आहे आणि दर वेळी फिरून या तारखेपाशी येतो. तोवर श्रोता हा फक्त ऐकणारा होता. पुढे तो विकत घेणाराही झाला. एकदा तसे झाले की कोणता श्रोता किती किमतीचा, हा हिशेब टळत नाही.

मधले वय म्हणजे इथे पंचेचाळीस ते साठ धरले आहे. मी स्वतः त्यातच मोडतो, तेव्हा हा लेख तटस्थ आहे असा दावा करत नाही. माध्यमशास्त्राचे शिक्षणही माझ्यापाशी नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य सहकारी बँकेच्या खातेवह्यांत गेलेले. पण हा प्रश्न अर्ध्याहून अधिक खातेवहीचाच आहे, असे माझे मत बनले आहे.

आधी एक गोष्ट नोंदवायला हवी. पन्नासच्या दशकात दुर्लक्ष उलट्या दिशेने होत होते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या काळात आकाशवाणीने चित्रपटसंगीताला जवळजवळ दारे लावली. अभिरुची घडवायची ती शास्त्रीय संगीताने, ही त्यामागची धारणा. तरुण श्रोता उठून रेडिओ सिलोनकडे गेला. १९५२ च्या अखेरीस तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि पुढचे सगळे आपल्याला ठाऊक आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली ती हा गेलेला श्रोता परत आणण्यासाठी. म्हणजे वयाच्या एका गटाला सोडून दिले की तो दुसरे दार शोधतो, हे नभोवाणीला तेव्हाच कळले होते. तेव्हाचे 'बिघडलेले' तरुण पुढे 'भूले बिसरे गीत'चे श्रोते झाले, आणि विविध भारतीने त्यांना म्हातारपणापर्यंत सांभाळले, हे तिचे मोठेपण.

खासगी एफएमची कथा २००१ साली बंगळूरुच्या रेडिओ सिटीपासून सुरू होते. मुंबईत ही केंद्रे २००२ मध्ये आली. त्यांच्या अवघ्या वीस-पंचवीस वर्षांत मधल्या वयाचा माणूस श्रोता म्हणून कधी उभाच राहिला नाही असे नाही, पण त्याची जागा बहुतांशी रात्रीची राहिली. 'पुरानी जीन्स' घ्या किंवा अन्नू कपूर यांचा 'सुहाना सफर'. कार्यक्रम निघाले आणि ते लोकांना आवडले. पण सकाळचे तास, ज्यांत जाहिरातीचा दर सर्वांत चढा असतो, ते विशीतल्या श्रोत्यासाठी राखलेले.

याचे कारण विचारले की ठरावीक उत्तरे मिळतात. देश तरुण आहे, हे पहिले. ते खरे आहे, पण तरुण जास्त आहेत म्हणून सगळीच केंद्रे त्यांच्याच मागे का, याचे उत्तर त्यात नाही. गावात चहा पिणारे जास्त असले म्हणून उसाच्या रसाचे एकही गुऱ्हाळ नसावे असे होत नाही. दुसरे उत्तर जुन्या गाण्यांच्या हक्कांचे. हे तर टिकतच नाही. कॉपीराइट बोर्डाने ऑगस्ट २०१० मध्ये निर्णय दिला, त्यानुसार फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेडकडच्या ध्वनिमुद्रिकांसाठी केंद्राने आपल्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या दोन टक्क्यांचा हिशेब धरायचा होता. गाणे १९५५ चे की परवाचे, टक्का तोच. जुने गाणे महाग पडते म्हणून वाजत नाही, ही सबब निदान त्या दशकात तरी खोटी होती.

खरे उत्तर मला एका अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाच्या निबंधात सापडले. पीटर स्टायनर यांनी १९५२ साली, म्हणजे गीतमालेच्याच वर्षी, नभोवाणीतील स्पर्धेवर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे मी माझ्या आकड्यांत मांडतो. आकडे समजुतीपुरते आहेत.

समजा, शहरात शंभर श्रोते आहेत. सत्तर जणांना नवी हिंदी गाणी हवीत, वीस जणांना जुनी, दहा जणांना मराठी भावगीते. पहिले केंद्र अर्थात सत्तरांकडे जाईल. दुसरे? तेही तिथेच, कारण निम्मे वाटून पस्तीस मिळतात आणि पस्तीस हे विसांपेक्षा जास्त. तिसरेही तिथेच, वाट्याला तेवीस येतात. तिन्ही केंद्रांवर एकच गाणे लागले आहे आणि तीस माणसे रेडिओ बंद करून बसली आहेत, असे चित्र त्यातून उभे राहते. यात कोणी दुष्ट नाही की मूर्ख नाही. प्रत्येकाने आपापली वही नीट लिहिली आहे. चौथ्या केंद्राला मात्र सत्तरांत शिरून साडेसतराच मिळतील, म्हणून त्याने विसांकडे वळायला हवे.

मुंबईत परवान्यांच्या दुसऱ्या टप्प्यानंतर खासगी केंद्रे सहा-सातच्या घरात गेली. मग ते 'चौथे' केंद्र का वळले नाही? इथे स्टायनर यांच्या हिशेबात जाहिरातदार घालावा लागतो. जाहिरातदाराच्या लेखी पन्नाशीचा कान विशीच्या कानाच्या निम्म्या भावाचा असेल, तर वीस श्रोत्यांची किंमत दहाच होते. आणि सत्तर भागिले सात दहा. म्हणजे सातव्या केंद्रापर्यंत कोणालाच नव्या गाण्यांची गर्दी सोडण्याचे कारण उरत नाही. गर्दी वाढूनही विविधता का वाढली नाही, याचे याहून सोपे स्पष्टीकरण मला मिळालेले नाही.

या हिशेबाला पुढे एक पुष्टीही मिळाली. दुसऱ्या टप्प्यात एका शहरात एका मालकाला एकच वाहिनी ठेवता येत असे. तिसऱ्या टप्प्यात, ज्याचा लिलाव २०१५ मध्ये झाला, ती अट सैल झाली. शहरातल्या एकूण वाहिन्यांच्या चाळीस टक्क्यांपर्यंत वाहिन्या एका मालकाला घेता येऊ लागल्या. आपल्याच पहिल्या केंद्राचे गिऱ्हाईक आपल्याच दुसऱ्या केंद्राने पळवण्यात मालकाला फायदा कमी. वरच्याच आकड्यांत पाहा : सहा केंद्रे असताना त्याने सातवे नव्या गाण्यांचे काढले, तर त्याच्या एकूण वाट्यात भर पडते सुमारे सव्वाआठची; जुन्या गाण्यांचे काढले तर दहाची. आणि झालेही तसेच. २०१६ मध्ये, आधीपासून फीव्हर १०४ चालवणाऱ्या एचटी मीडियाने मुंबईत ९१.९ वर रेडिओ नशा काढले, ते जुन्या गाण्यांचे. मधल्या वयाच्या श्रोत्यावर कोणाचे प्रेम अचानक उतू गेले नव्हते. नियम बदलला होता.

आता तो निम्मा भाव. तो कोणी ठरवला? तरुणपणी लागलेली साबणाची सवय आयुष्यभर टिकते, हा जाहिरात व्यवसायाचा जुना सिद्धान्त. साबणापुरता तो असेलही. पण मुंबई-पुण्याच्या एफएमवर जाहिराती कशाच्या असतात, ते एक दिवस कान देऊन ऐकावे. गृहप्रकल्प, शेवटी घाईघाईने उरकलेल्या महारेरा क्रमांकासकट. सराफी पेढ्या. आरोग्य विमा. गुडघ्यांची शस्त्रक्रिया. म्युच्युअल फंड. यातले विशीतला मुलगा काय विकत घेतो? वस्तू पंचेचाळिशीच्या माणसाची, गाणे बाविशीचे. दुकान आमच्यासाठी आणि मांडव दुसऱ्याच लग्नाचा.

मोजणीचीही गोष्ट आहे. टॅम या संस्थेची रेडिओ श्रोतामोजणी २००७ मध्ये सुरू झाली ती मोजक्या महानगरांत. निवडक माणसांनी काय ऐकले ते रोजनिशीत लिहायचे, अशी तिची पद्धत. पुणे, नागपूर, कोल्हापूर त्यात नव्हतेच. जे मोजले गेले नाही त्याचा भाव मुंबईच्या अंदाजाने लावला जातो, हे बँकेत बसणाऱ्या कोणालाही समजेल.

शिवाय खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्यास पहिल्यापासून मनाई आहे. आता आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी पुनःप्रसारित करता येतात, एवढेच. प्रौढ माणसाला रेडिओशी बांधून ठेवणारी निम्मी दोरी बोलण्याची असते : शहरात काय चालले आहे, पाणीकपात का, भाव कुठे गेले. ती कापल्यावर निवेदकाकडे उरतो तो फोनवरचा खट्याळपणा. एका केंद्राला मी एकदा श्रीनिवास खळ्यांच्या एका गाण्याची फर्माईश कळवली होती. निवेदक गोड आवाजात म्हणाला, "काका, कूल आहात तुम्ही!" गाणे काही लागले नाही. मला 'काका' म्हटल्याचा राग नाही, वय झालेच आहे; पण फर्माईश विनोद म्हणून घेतली गेली याचे नवल वाटले.

इथवरचा हिशेब सरळ आहे. पुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. मधल्या वयाच्या श्रोत्याला जागा दिली की ती 'रेट्रो'च का असावी? या गृहीताला शास्त्राचाही आधार दिला जातो. होलब्रुक आणि शिंडलर या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवले की माणसाला सर्वाधिक प्रिय असतात ती तो सुमारे चोवीस वर्षांचा असताना गाजलेली गाणी. निष्कर्ष खोटा म्हणण्याचे मला कारण नाही. पण त्यांनी लोकांना ऐकवली ती १९३२ ते १९८६ मधली, त्या त्या काळी गाजलेली अठ्ठावीस गाणी. पन्नाशीच्या माणसाला त्याच्या आजच्या आयुष्यावरचे चांगले, नवे गाणे ऐकवले तर काय होईल, हे त्या प्रयोगात विचारलेलेच नाही. आवड कुठे शिगेला पोचली ते कळले. कान तिथे बंद झाला, हे त्यातून सिद्ध होत नाही. रेट्रो केंद्रांनी मात्र पहिल्यावरून दुसरे धरून चालवले आहे.

सारेगामाचे 'कारवां' हे यंत्र २०१७ मध्ये आले. जुन्या ट्रान्झिस्टरचा आकार, आत सुमारे पाच हजार गाणी. ते लाखांनी खपले. मधल्या आणि उतार वयाला गाण्यावर पैसे खर्च करायचे असतात, याचा हा पुरावा मानतात आणि तो आहेही. पण त्याची विक्री कशी झाली ते आठवा : आईवडिलांना भेट म्हणून. म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा मुलगाच. आणि पाच हजार गाण्यांत एकही नवे शिरणार नाही, ही त्या पेटीची खुबी म्हणून विकली गेली.

याउलट आकाशवाणीने प्रौढ श्रोत्यासाठी काय केले होते? १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने वर्षभर 'गीतरामायण' प्रसारित केले. छप्पन्न गीते, सगळी नवी. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके दोघेही तेव्हा पस्तिशीचे. पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर, यशवंत देव, मंगेश पाडगावकर ही माणसे निरनिराळ्या काळी आकाशवाणीच्या नोकरीत होती. कवी, संगीतकार आणि ध्वनिक्षेपक एकाच इमारतीत. मराठी भावगीत नावाचा जो प्रकार आपण मिरवतो, त्याचा मोठा हिस्सा त्या इमारतींत, सरकारी पगारावर आणि किरकोळ मानधनावर तयार झाला. संसार, वियोग, थकवा, सांजवेळ, उशिरा उमगलेले प्रेम हे त्याचे विषय पाहा. हे विशीचे विषय नाहीत. ऐकणारा मोठा आहे, त्याने काही सोसले आहे, असे धरून ती गाणी लिहिली गेली. रेडिओ तेव्हा गाणे नुसते वाजवत नव्हता, घडवतही होता.

म्हणून मधल्या वयाच्या श्रोत्याकडे पाठ फिरवण्याचा तोटा श्रोत्यापुरता नाही. त्याच्यासाठी लिहिणारा कवी आणि चाल लावणारा संगीतकार यांचेही दार बंद होते. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांना आपला श्रोता 'आयुष्यावर बोलू काही'च्या रंगमंचावर, तिकीट लावून गोळा करावा लागला. तो मोठ्या संख्येने जमला. त्या प्रेक्षागृहांत पन्नाशीची डोकी किती असत, हे ज्यांनी प्रयोग पाहिले त्यांना सांगायला नको. म्हणजे नव्या गाण्याला मधल्या वयाचा कान मिळतो, अट एवढीच की ते गाणे त्याच्यापर्यंत पोचायला हवे.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले. मालमत्ता सार्वजनिक, पण ती लिलावाने देताना श्रोत्याच्या वयाबद्दल परवान्यात अट नाही. ब्रिटनमध्ये व्यावसायिक केंद्राच्या परवान्यात अनेक वर्षे त्याच्या सेवेचे स्वरूप लिहिलेले असे. कोणासाठी, कोणत्या प्रकारचे संगीत, हे आधी ठरत असे. आपल्याकडे तेवढेही नको. ज्या मालकाला एकाच शहरात दुसरी वाहिनी हवी, त्याने ती पहिलीपेक्षा वयाने किंवा भाषेने वेगळ्या श्रोत्यासाठी चालवावी आणि तिच्यावर आठवड्यातले काही तास नव्याने ध्वनिमुद्रित केलेल्या प्रादेशिक गाण्यांना द्यावेत, एवढी एक अट पुरेल. तिसऱ्या टप्प्यातले परवाने पंधरा वर्षांचे आहेत. त्यांची मुदत संपत येईल तेव्हा नव्या अटींची चर्चा होईलच. मुंबईच्या आकड्यांसकट एक टिपण त्यासाठी मी तयार करतो आहे. पुणे-नागपूरचे आकडे ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते जपून ठेवावेत.