कोलाहलातला माणूस

‘डेथ मेटल’ हे नाव कानी पडताच आपण वडीलधारी माणसे दार लावून घेतो. मीही तेच करीत असे. परंतु न ऐकता दिलेला निवाडा हा निवाडा नव्हे.

फ्लोरिडातील ‘डेथ’ या वाद्यवृंदाची १९८७ सालची पहिली ध्वनिमुद्रिका ‘स्क्रीम ब्लडी गोर’ बीभत्सातच रमते. तिची शिफारस मी करणार नाही. मात्र तिचा कर्ता चक शुल्डिनर तेथे थांबला नाही. १९९१ च्या ‘ह्यूमन’मध्ये गुरगुरता स्वर तोच, पण गिटारींची वीण रेखीव झाली आणि विषय पालटला. जन्मतः जोडलेल्या जुळ्यांचे जिणे, असाध्य रुग्णाचे इच्छामरण असे प्रश्न येथे येतात. इच्छामरणाकडील त्याचा कल मला अमान्य आहे; तरी दुःखिताकडे त्याने पाठ फिरवली नाही, हे कबूल करावे लागते.

त्यानंतर इंग्लंडच्या ‘बोल्ट थ्रोअर’ची ‘द फोर्थ क्रुसेड’ (१९९२) ऐकावी. १२०४ साली धर्मयोद्ध्यांनी ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलच लुटले. त्या प्रसंगाचे देलाक्र्वाकृत चित्र तिच्या मुखपृष्ठावर आहे.

शुल्डिनर मेंदूच्या अर्बुदाशी झुंजत २००१ साली, अवघ्या ३४ व्या वर्षी गेला. मुलाच्या खोलीतून असा आवाज आला, तर दार लावण्याआधी त्याच्याजवळ बसून थोडे ऐकावे.