नाकीडोळी नीटस शिसं

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात रॉड वाकवून बघणारे असतात, रीळ कानाशी धरून फिरवणारेही असतात. शिसं मात्र मूठभर उचलून पिशवीत टाकलं जातं, जणू वजन भरलं की काम संपलं. खरं पाहता फेक जाते ती शिशाची. दोरी, गळ, आमिष ही सगळी त्याच्यामागे ओढली जाणारी वरात. म्हणून साठेक ग्रॅमचं थेंबाकृती शिसं एकदा तळहातावर आडवं ठेवून निवांत पाहावं.

आधी नाक. नवख्याला वाटतं, निमुळतं टोक हवा कापत पुढे जात असणार. जातं उलटं: जाड, गोल बाजू पुढे आणि निमुळती मागे. हवा बाजूला सारायला फारसं बळ लागत नाही. वेग खाते ती वस्तूच्या पाठीमागे उरणारी भोवऱ्यांची पोकळी. चपट्या चकतीचा अवरोध गुणांक १.१च्या आसपास, गोळ्याचा ०.४७ आणि लांबसडक, घोटीव थेंबाचा ०.०५च्या घरात. गोळा आणि थेंब यांचं नाक जवळजवळ सारखंच असतं, म्हणजे एवढा सगळा फरक शेपटीने केलेला. मासेमारीचं शिसं तितकं लांब नसतं, त्यामुळे तो आकडा त्याच्या नशिबी नाही. तरी मागची ती दोन बोटांची उतरण हवेला पुन्हा जवळ येऊन मिटू देते, हे लक्षात आलं की त्या उतरणीवरून अंगठा फिरवताना मजा येते.

आता ते आडव्या बोटावर तोलून बघा. तोल मधोमध सापडत नाही, जाड बाजूकडे सरकलेला असतो. गुरुत्वमध्य पुढे आणि हवेचा दाब पडणारी शेपटी मागे, अशी ही मांडणी आहे. उडताना शिसं जरा वाकडं झालं तर हवाच त्याची शेपटी ढकलून त्याला रांगेत आणते. बॅडमिंटनचं फूल कसंही टोलवलं तरी बुचाकडून पुढे जातं, तोच हा न्याय. त्यात दोरी शेपटीच्या कडीला बांधलेली, म्हणजे तिची ओढही शिशाला सरळच धरते. गटांगळ्या खाणारं शिसं निम्मा वेळ हवेला आपली रुंद कूस दाखवत जातं. त्याने अंतर घटतं, शिवाय प्रत्येक फेकीत ते वेगळं घटतं. लांब जाणं आणि नेमकं जाणं हे दोन वेगळे गुण नाहीत. हवेत तोंड न फिरवण्याची ती दोन फळं आहेत. चपटं, नाण्यासारखं शिसं मला म्हणूनच फेकीपुरतं आवडत नाही. कड ज्या बाजूला कलेल त्या बाजूला ते वाहवतं.

ओतकामाची पारख कडीपाशी होते. पितळी कडी अक्षाच्या नेमकी मध्यावर हवी. साच्याचे दोन अर्धे केसभर सरकले तर सांध्यावर पायरी उमटते आणि दर उड्डाणात शिसं त्याच बाजूला खेचलं जातं. रस ओतल्या जागेचा कंगोरा शेपटीवर राहिला असेल तर कानशीने दोन हात मारावेत. चांगल्या कारागिराचं शिसं धाग्याला टांगून हळूच फिरवलं की डगमगत नाही.

धातूचाही वाटा आहे. साठ ग्रॅमचा शिशाचा गोळा सुमारे २१.६ मिलिमीटर जाडीचा होतो, लोखंडाचा साधारण २४.४, तर टंगस्टनचा १८.१. वजन तेच, पण हवेशी भिडणारं तोंड लहानमोठं. हंसांना होणाऱ्या विषबाधेमुळे ब्रिटनने १९८७पासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशांवर बंदी घातली. बंदी रास्तच होती, पण पर्याय म्हणून लोखंड घेणाऱ्याला हा जाडीचा दंड भरावा लागतो.

एवढ्या रेखीव आकारावर पाणी फिरवतं ते आमिष. मोठा लगदा गळाला लोंबकळत असेल तर शिसं आणि तो एकमेकांभोवती गरगरत जातात. समुद्रावरचे जाणते म्हणून छोट्या क्लिपने आमिष शिशाच्या पाठीशी अडकवतात. तिथे वारा लागत नाही आणि पाण्यावर आदळताच क्लिप सुटते. कोकणात खडकावर उभं राहून तंगूस भिरकावणाऱ्याला आणखी एक पेच असतो: शिसं पडल्यावर जागेवर राहिलं पाहिजे. गोळा लाटेबरोबर गडगडत कपारीत जाऊन अडकतो. पिरॅमिड वाळूत रुततो, पण हवेत अडखळतो.

आणि इथे, कोलकात्याजवळच्या न्यू टाउनात? इको पार्कचं तळं चांगलं १०४ एकरांचं आहे, पण कोलकात्याच्या आसपास पैसे भरून दिवसभर गळ टाकू देणारी तळी त्यामानाने लहान. तिथे लांब फेकीचं कौतुक कोणाला? आधी मोहरीची पेंड, मेथी आणि वासाच्या मसाल्यांचं ‘चार’ एका जागी पाण्यात सोडायचं. मग दिवसभर त्याच परातीएवढ्या जागी आमिष पडलं पाहिजे, तरच रुई-कातला मासे फिरकणार. यासाठी बंगाली हुइल-छिपवाला, म्हणजे रीळ-काठीने गळ टाकणारा, घेतो तो आरपार भोक असलेला लहानसा लंबगोल मणी. त्याला ना शेपटी ना कडी. दोरीच त्याच्या पोटातून जाते, म्हणून तो आपसूक दोरीच्या रेषेत उडतो. मासा आमिष ओढतो तेव्हा दोरी मण्यातून सरकते आणि त्याला वजनाचा संशय येत नाही. दोन्ही टोकं निमुळती असल्याने पाण्यात शिरताना फटकाही बसत नाही. वर तरंगणारा फातना तेवढा उभा राहतो.

पाहण्यासारखी असते ती शेवटची हालचाल. मणी पाण्याला टेकण्याच्या क्षणभर आधी छिपवाला सुटत्या दोरीवर बोट ठेवतो. मणी अडतो, मागून येणारं आमिष त्याला ओलांडून पुढे जातं, दोरी ताठ होते आणि मणी, गळ, फातना तिन्ही एका ओळीत उतरतात. थेंबाच्या शेपटीने हवेत केलेलं काम इथे एका बोटाने झालं. शंभर मीटर फेकणाऱ्याला हे सहज जमेलच असं नाही.