माशी वासाकडे गेली नाही, म्हणजे नेमकं काय?

पीएचडीची तयारी करताय? मग एक जुना पेपर नक्की वाचा. व्हेरोनिका रॉड्रिग्ज आणि ओबेद सिद्दीकी, १९७८, टीआयएफआर, मुंबई. मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या रॉड्रिग्ज तेव्हा स्वतः पीएचडी करत होत्या.

पद्धत सोपी आहे. फळमाशीत रसायनाने उत्परिवर्तनं घडवायची. मग वाय आकाराच्या नळीत एका फाट्यात वास ठेवायचा, दुसऱ्यात नुसती हवा. वासाकडे न वळणाऱ्या माशा वेगळ्या काढायच्या.

पण वळली नाही म्हणजे तिला वास आला नाही, असं कसं म्हणायचं? कदाचित तिला नीट चालताच येत नसेल. आमच्या केळापूर तालुक्यात कापसात बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात. सापळा रिकामा म्हणजे शेतात पतंग नाहीत, असं नसतं. ल्यूर जुनी झाली तरी तो रिकामाच राहतो.

या शंकेला पेपरकडे उत्तर आहे, आणि तीच त्याची खरी ताकद. काही उत्परिवर्ती माशा एका वासाला चुकतात, पण दुसऱ्याला बरोबर वळतात. म्हणजे पाय ठीक, दोष वासाच्या वाटेवरच. मात्र तो शृंगिकेत आहे की मेंदूत, हे नळी सांगत नाही. त्यासाठी शृंगिकेचे विद्युत संकेत मोजावे लागतात.

माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. वासाची ही उत्परिवर्तनं एक्स गुणसूत्रावरची होती. नरात एक्स एकच असतं, त्यामुळे अप्रभावी दोषही लगेच दिसतो. सोय चांगली, पण बाकीची गुणसूत्रं नजरेबाहेर राहतात. १९९९ मध्ये माशीच्या गंधग्राहींची जनुकं सापडली. त्यांची नावं बघा, ओआर८३बी वगैरे. हा आकडा गुणसूत्रावरचा पत्ता असतो : १ ते २० एक्स, २१ ते ६० दुसरं, ६१ ते १०० तिसरं. ओआर८३बी, म्हणजे आजचं ऑर्को, तिसऱ्यावर आहे. ते बंद केलं की माशीचे बहुतेक वास जातात, हे २००४ मध्ये दिसलं. इतकं महत्त्वाचं जनुक एक्सवरच्या शोधात कितीही माशा तपासल्या तरी हाती लागलं नसतं.

म्हणून पेपर लहान ठरत नाही. वास जनुकांच्या वाटेने शोधता येतो, हे त्याने ग्राही सापडण्याच्या वीस वर्षं आधी दाखवलं. पण सिनॉप्सिस लिहिताना 'काय सापडेल' याच्याशेजारी 'या पद्धतीने काय कधीच सापडणार नाही' हेही लिहा. मुलाखतीत तेच विचारतात.