चिप्सचे पाकीट आणि चष्म्याची फ्रेम

फळ्यावरची अक्षरे नीट दिसत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या एका विद्यार्थ्याला घेऊन आम्ही मध्यंतरी तालुक्याच्या गावी चष्म्याच्या दुकानात गेलो होतो. नंबर काढून झाल्यावर दुकानदाराने एक सुबक फ्रेम पुढे ठेवली. तिच्या काडीवर हिरव्या पानाचे चित्र आणि ‘टाकाऊ प्लास्टिकपासून’ असे लेबल होते. मुलाने विचारले, “सर, म्हणजे ही कचऱ्याची आहे का?” दुकानदाराला अधिक माहिती नव्हती आणि आम्हालाही चटकन उत्तर देता आले नाही. अशा फ्रेम दिसायला छानच असतात. पण लेबल नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे तपासायला हवे.

आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्याच्या ‘अशाया’ या उपक्रमाने चिप्सच्या पाकिटांपासून बनवलेले गॉगल ‘विदाउट’ या नावाने बाजारात आणले. एका गॉगलला साधारण पाच पाकिटे लागतात, असे त्यांनी तेव्हा सांगितले होते. हे काम सोपे नाही. चिप्सचे पाकीट एकाच पदार्थाचे नसते. प्लास्टिकचे पातळ थर, त्यावर छपाईची शाई आणि आतून चमकणारा ॲल्युमिनियमचा थर असे सगळे त्यात एकजीव केलेले असते. हा धातूचा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. हवा आणि ओल आत जाऊ नये म्हणून केलेली ही योजनाच पुनर्वापराच्या आड येते, कारण थर वेगळे करणे महाग पडते. म्हणूनच भंगारवाला बाटली घेतो, पाकीट घेत नाही. ज्याला भाव नाही अशा कचऱ्याला भाव मिळवून देण्याचा आणि कचरावेचकांना त्यात वाटा देण्याचा हा प्रयत्न आम्हाला मोलाचा वाटतो.

पण हिशेब करून पाहू. ४० मुलांच्या वर्गात प्रत्येकाने रोज एक पाकीट खाल्ले, तर शाळेच्या २०० दिवसांत ८००० पाकिटे होतात. पाचाला एक या दराने १६०० फ्रेम! वर्गात मात्र चष्मा लागणारी मुले मोजकीच. म्हणजे चष्म्यांमुळे पाकिटांचा प्रश्न सुटणार नाही. चष्मा हा फार तर असा पदार्थ बनवता येतो याचा पुरावा आहे. ‘हा चष्मा घेतला, आता पाकिटाची चिंता नाही’ असे वाटू लागले, तर लेबलने आपली दिशाभूलच केली.

दुसरा मुद्दा ‘किती टक्के’ याचा. पुष्कळशा रंगीत फ्रेम सेल्युलोज असिटेटच्या असतात. ते लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूंपासून बनते. ईस्टमन या अमेरिकन कंपनीच्या ‘असिटेट रिन्यू’मध्ये सुमारे ६० टक्के भाग वनस्पतिजन्य आणि ४० टक्के पुनर्वापरित असल्याचे सांगितले जाते. हे ४० टक्के मोजण्याची रीत समजून घ्यावी. डेअरीत सर्वांचे दूध एकाच टाकीत जाते. तुमच्या पिशवीत कोणाच्या गोठ्यातले दूध आले हे सांगता येत नाही, पण एकूण जमाखर्च जुळतो. इथेही तसेच आहे. कारखान्यात शिरलेल्या कचऱ्याचा हिशेब मालाच्या नावे लिहिला जातो. ही फसवणूक नव्हे. पण ‘माझ्या फ्रेममध्ये ४० टक्के कचरा आहे’ हा अर्थही बरोबर नाही.

तिसरा मुद्दा काचेचा. लेबल असते फ्रेमवर, आपण पाहतो मात्र काचेतून. ही ‘काच’ बहुधा प्लास्टिकचीच असते. त्यातील सीआर-३९ हे प्लास्टिक एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. भाजलेल्या विटेचा पुन्हा चिखल होत नाही, तसेच. पॉलिकार्बोनेट वितळते, पण त्यावर चरे पडू नयेत म्हणून वेगळा लेप असतो. नंबर बदलला की फ्रेम राहते आणि काचा टाकल्या जातात. या कचऱ्याबद्दल लेबल गप्पच असते.

म्हणून फ्रेम निवडताना तीन प्रश्न विचारावेत. पदार्थ कोणता? तो वापरून फेकलेल्या वस्तूचा आहे, की कारखान्यातच उरलेल्या कातरणीचा? बिजागरी मोडली तर दुरुस्त होईल का? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिल्या दोन उत्तरांना फारसा अर्थ उरत नाही.

त्या मुलासाठी शेवटी काय घेतले? त्याच्या ताईची जुनी फ्रेम घरी पडून होती. दुकानदाराने ती चेहऱ्याला बसते का ते पाहिले, दोन बाहुल्यांमधले अंतर मोजले आणि त्याच्या नंबरच्या नव्या काचा बसवून दिल्या. (दुसऱ्याच्या नंबरच्या काचा मात्र कधीही वापरू नयेत.) दुसऱ्या दिवशी तो मागच्या बाकावरून फळा वाचत होता.

शाळेत एक प्रयोग करून पाहावा. रिकामी पाच पाकिटे आणि एक मोडकी फ्रेम वजनकाट्यावर ठेवून दोन्हींची वजने मुलांना नोंदवू द्यावीत. आठवडाभरात वर्गात जमलेली पाकिटेही मोजावीत. पुढचा हिशेब मुले आपणहून करतील.